पागोळ्यांच्या पाण्याची वाट

कोकणात घर बांधताना पायाचा विचार होतो, छपराचा होतो. पागोळ्यांचं पाणी जाणार कुठे, हे मात्र आषाढातच आठवतं. मग अंगणात चिखल, जोत्याला ओल आणि पुढच्या उन्हाळ्यात घाईघाईने ओतलेलं सिमेंटचं गटार. परसात असं गटार मला मुळीच पटत नाही. ते पाणी पळवतं, मुरू देत नाही आणि जिथे संपतं तिथली जमीन खरवडतं. त्यापेक्षा मातीचा चर राखावा आणि त्यात झाडं लावावीत.

पाण्याचा अंदाज आधी घ्यावा. १०० चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होतं. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं नवलाचं नाही. म्हणजे नुसत्या छपराचं १०,००० लिटर. एवढं पाणी अरुंद, उभ्या कडांच्या चरात सोडलं तर कडा ढासळणारच. चर उथळ आणि पसरट हवा. एक फूट खोलीला दोन्ही बाजूंनी किमान दोन-दोन फूट उतरण. लांबीत दर दहा मीटरला १० ते २० सेंटिमीटर उतार पुरतो. तो नजरेने ठरवू नये. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी पाण्याने भरून तिची टोकं दोन खुंट्यांपाशी धरावीत. पाणी जिथे स्थिरावेल तिथे दोन्हीकडे खूण करून खुणेपासून जमिनीपर्यंत मोजावं. दोन मापांतला फरक म्हणजे उतार.

कडा धरून ठेवायला वाळ्यासारखं दुसरं गवत नाही. त्याची मुळं पसरण्याऐवजी सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही. ठोंब वीतभर अंतराने, काठाच्या वरच्या अंगाला ओळीने लावावेत. त्याखाली ओलीत रमणारी मंडळी: कर्दळ, सोनटक्का, अळू. सोनटक्का पावसाळ्यात फुलला की संध्याकाळी परसात वास दरवळतो. तळाशी वेखंड, लव्हाळा, ब्राह्मी. पाण्याचा जोर आला तरी वाकून पुन्हा उभं राहणारी. पाणी फार धावत असेल तर मध्ये जांभ्याचे दगड आडवे, पण जेमतेम वीतभर उंच बसवावेत. सेप्टिक टँकचं पाणी या चरात अजिबात येऊ देऊ नये. त्यातलंच अळू फतफत्यासाठी खुडलं जाणार असतं. नर्सरीवाले पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझी हमखास सुचवतात. ती सगळा काठ गिळते, घेऊ नये.

डासांची भीती रास्त आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात साधारण आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत चर रिकामा झालाच पाहिजे. कुठे पाणी थबकत असेल तर तिथला खळगा भरून घ्यावा.

खणाईचं काम वैशाखात, लागवड मृगाच्या सरींनंतर. मधल्या दिवसांत उघड्या कडांवर नारळाच्या झावळ्या अंथरून खुंट्यांनी दाबाव्यात, नाहीतर पहिलीच मोठी सर माती घेऊन जाते. जागा मात्र त्याआधी, दिवाळीतच हेरावी. पाणी कुठून वाहिलं आणि कुठे साचलं, त्या गाळाच्या रेषा तेव्हा जमिनीवर अजून दिसतात. चराचं तोंड जोत्यापासून लांब, आपल्याच हद्दीत सोडावं. शेजाऱ्याच्या बांधावर पाणी सोडलं की भांडण ठरलेलं. ज्या कोपऱ्यात पाणी शेवटी मुरवायचं, तिथे केळीचे दोन-चार मुनवे लावून टाकावेत.