साप घरात का शिरतो?

मृगाचा पाऊस पडून गेला आहे. शेजारच्या घरी न्हाणीच्या मोरीपाशी साप दिसला, ही बातमी संध्याकाळपर्यंत वाडीभर होते. रात्री जेवणे आटोपल्यावर ओसरीवर माणसे जमतात आणि प्रत्येकाजवळ एक उपाय तयार असतो. कोणी म्हणते, घराभोवती कार्बोलिक ॲसिड शिंपडा. कोणी डांबराच्या गोळ्या सुचवते, कोणी ठेचलेली लसूण. एखादी आजी हळूच दटावते, "रात्रीचं त्याचं नाव घेऊ नये, जनावर म्हणावं." शेवटी कोणीतरी बाजारातून पावडर आणायचे ठरते आणि बैठक उठते.

या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसतो. तो साप तेथे आला कशासाठी? विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आधी कारण शोधावे आणि मग उपाय. आपणही तसेच करू.

सापाला आपल्या घरात काय मिळते?

साप माणसावर डूख धरून येत नाही. तेवढी स्मरणशक्ती आणि तेवढी उठाठेव त्याच्या मेंदूला झेपणारी नाही. दुधाच्या वासानेही तो येत नाही. दूध हे त्याचे अन्नच नव्हे. तो येतो तो दोन गोष्टींसाठी : भक्ष्य आणि लपायला जागा.

आधी भक्ष्य पाहू. कणगीतले धान्य, गोठ्यातली पेंड, चुलीपाशी सांडलेला भात यांवर उंदीर पोसतात. उंदराची मादी गाभण राहिल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा किंवा त्याहूनही अधिक पिल्ले देते. उंदरांच्या मागावर धामण येते, नाग येतो, घोणस येते. दुसरी साखळी याहून गमतीची आहे. दारावरच्या दिव्याकडे किडे झेपावतात. किड्यांसाठी भिंतीवर पाली आणि खाली बेडूक जमतात. या पाली आणि बेडूक म्हणजे कित्येक सापांचे जेवण. म्हणजे साप दिव्यासाठी आलेला नसतो, पण दिव्याने त्याच्यासाठी पान वाढून ठेवलेले असते!

आता जागा. सापाच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. उन्हात तो तापतो, थंडीत गारठतो. म्हणून त्याला ना फार गरम, ना फार गार अशी अंधारी फट लागते. सरपणाचा ढीग, गोवऱ्यांचा रचवा, रचून ठेवलेल्या विटा-कौले, दगडी गडग्यातल्या फटी, पेंढ्याची गंजी या त्याच्या दृष्टीने उत्तम जागा होत. पावसाळ्यात जमिनीतली बिळे पाण्याने भरतात, तेव्हा कोरड्या जागेच्या शोधात तो अधिक हिंडतो. भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा त्याचा अंदाज आहे. यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते.

वासाने साप पळतो का?

सापाची गंध घेण्याची तऱ्हा निराळी आहे. तो दुभंगलेली जीभ बाहेर काढून हवेतले आणि जमिनीवरचे कण टिपतो आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवतो. भक्ष्य कोणत्या वाटेने गेले हे त्याला यातून कळते. एवढे तीक्ष्ण इंद्रिय असताना उग्र वासाने तो माघारी फिरेल, असे वाटणे साहजिक आहे. पण वाटणे निराळे आणि पडताळून पाहणे निराळे. गंधक, डांबराच्या गोळ्यांतले नॅफ्थलीन अशा पदार्थांचे पट्टे आखून सापांना त्यांपलीकडे सोडण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले आहेत. साप ते पट्टे ओलांडून गेले.

कार्बोलिक ॲसिडचेही तसेच. ते सापाच्या अंगावर पडले तर त्याची कातडी भाजते हे खरे, पण तशी ती तुमचीही भाजेल. जमिनीवर शिंपडलेले ॲसिड पावसाच्या एका सरीत वाहून जाते आणि विहिरीच्या वाटेला लागले तर पाणी बिघडवते. डांबराच्या गोळ्या लहान मुलांनी तोंडात घातल्या तर विषबाधा होते. या उपायांचा सर्वांत मोठा तोटा मात्र वेगळाच आहे. पावडर टाकली की माणूस निर्धास्त होतो, आणि उंदराचे बीळ व मोरीचे भोक जेथल्या तेथे राहते.

घराभोवती एक फेरी

तर मग करायचे काय? वही-पेन्सिल घ्या आणि दिवसाउजेडी मोठ्या माणसाला सोबत घेऊन घराभोवती फेरी मारा. पायांत बूट आणि हातात काठी असू द्या. नुसत्या हाताने कोणताही ढीग उपसू नका आणि फटीत बोट घालू नका.

प्रथम जोत्याकडे पाहा. जेथून उंदीर जातो तेथून साप जाऊ शकतो. सापाच्या पिल्लाला तर तुमच्या करंगळीएवढी फटही पुरे. अशा फटी सिमेंटने किंवा चुन्याने बुजवा. न्हाणीघराची मोरी हा सापाचा राजमार्ग. तिच्या तोंडाला बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवा. दाराखालची फट पाहा. जुन्या घरांतला उंच उंबरठा दाराखाली फट राहू देत नसे. नव्या सपाट दारांना लाकडाची किंवा रबराची पट्टी ठोकली की तेच काम होते. खिडकीला वा कौलांना टेकलेली झाडाची फांदी छाटा, कारण कित्येक साप उत्तम चढतात.

मग सरपण पाहा. ते भिंतीला चिकटून रचलेले असेल तर घरापासून लांब न्या आणि जमिनीपासून हातभर उंच फळीवर ठेवा. खाली मोकळे राहिले की आत कोणी दडून बसत नाही. गोवऱ्या, विटा आणि गंजी यांनाही हाच नियम. अंगणातले गवत कापलेले असावे; मोकळ्या जागेत साप लवकर दिसतो आणि त्यालाही तेथे थांबायला आवडत नाही. खुराड्याला बारीक जाळी हवी, कारण अंडी आणि पिल्ले नागाला प्रिय असतात.

शेवटी उंदीर. धान्य पत्र्याच्या कोठीत झाकून ठेवणे, खरकटे रात्रभर उघडे न ठेवणे, उकिरडा घरापासून दूर नेणे आणि सापळा लावणे ही चार कामे झाली की सापाला येण्याचे मुख्य कारणच उरत नाही.

न कळता चावणारा

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी बहुतेक बिनविषारी आहेत. माणसांचे बहुतेक मृत्यू घडवणारे साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढून, घोणस कुकरच्या शिटीसारखा फुत्कार टाकून, तर फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून इशारा देते. मण्यार बहुधा असा काही इशारा देत नाही. घराच्या दृष्टीने तिचाच विचार अधिक करायला हवा.

काळ्या-निळ्या चकचकीत अंगावर बारीक पांढरे, बहुधा जोडीजोडीने असलेले पट्टे, अशी ही मण्यार. ती निशाचर आहे. इतर साप, पाली आणि उंदीर हे तिचे खाद्य, आणि ते शोधत ती रात्री घरात शिरते. जमिनीवर अंथरूण टाकून कोणी झोपलेले असेल, तर त्याच्या अंगाशी येते. झोपेत कूस बदलताना ती दबली की चावते. तिचे दात बारीक असतात. दंशाच्या जागी सूज नसते आणि वेदनाही जवळजवळ नसतात. पुष्कळदा झोपमोडही होत नाही.

पहाटे मुलगा उठतो आणि म्हणतो, "आई, पोटात दुखतंय." घरच्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले. ओवा दिला जातो. तोवर विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करू लागलेले असते. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. म्हणून हे पक्के लक्षात ठेवा : रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले आणि पापण्या उचलेनाशा झाल्या, तर खूण दिसो वा न दिसो, त्याला तत्काळ रुग्णालयात न्या. वेळेवर प्रतिविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला तर असा रोगी वाचू शकतो.

यावर सर्वांत साधा उपाय बाजारातल्या पावडरीचा नव्हे, तर झोपण्याच्या जागेचा आहे. शक्यतो खाटेवर झोपावे. खाट भिंतीपासून थोडी दूर असावी आणि चादर जमिनीपर्यंत लोंबू नये. खाट असो वा नसो, मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचाव्यात. आग्नेय नेपाळमधल्या खेड्यांत केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून संरक्षण मिळते असे आढळले. डासांसाठी विणलेले कापड सापालाही अडवते! रात्री उठावे लागले तर विजेरी लावल्याशिवाय पाय खाली टाकू नये.

साप दिसलाच तर

सगळे करूनही एखादा साप घरात येईल. अशा वेळी मुलांना आणि जनावरांना दूर करा, लांबून त्याच्यावर नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. त्याला मारायला धावू नका. काठीने डिवचलेला साप चावण्याची शक्यता कितीतरी वाढते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याने सापांना संरक्षण दिले आहे. घरात फिरणारा निरुपद्रवी कवड्या अनेकदा मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट असतात, मण्यारीचे नेमके उलटे. पण ही ओळख पुस्तकातल्या चित्रांवरून करावी, जिवंत सापाजवळ जाऊन नव्हे. आणि बांधावरच्या धामणीला सुखाने जाऊ द्या. ती तुमच्या शेतातले उंदीर फुकट खाते.

साप चावलाच तर माणसाला धीर द्या आणि आडवे निजवा. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा, कारण स्नायू हलले की विष लवकर पसरते. त्याला चालू देऊ नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन रुग्णालय गाठा. दोरीने आवळून बांधणे, जखम कापणे, विष चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नका. विषावर एकच औषध आहे, ते म्हणजे प्रतिविष. घोड्याला विषाच्या अगदी थोड्या-थोड्या मात्रा टोचल्या की त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. त्यांपासून ते बनवतात. आपल्याकडचे प्रतिविष वरच्या चारही सापांच्या विषावर चालते, म्हणून साप मारून सोबत नेण्याचे कारण नाही.

तुम्ही करून पाहा

आपल्या घराचा व अंगणाचा नकाशा काढा. सरपण, उकिरडा, गोठा, कणगी, मोरी, दिवा आणि प्रत्येकाची झोपण्याची जागा त्यावर दाखवा. उंदराची बिळे आणि फटी लाल पेन्सिलीने खुणा करून नोंदा. एकेक खूण कमी कशी करता येईल हे घरच्यांशी बोलून ठरवा आणि महिनाभराने पुन्हा फेरी मारा. शिक्षकांनी वर्गातले सगळे नकाशे एकत्र मांडले, तर गावात कोणती चूक सर्वांत जास्त घरांत होते हे लगेच दिसेल.

हे काम मृगाच्या आधी, मे महिन्याच्या सुट्टीतच उरकता आले तर उत्तम. आणि आजच्या आज करण्यासारखे एक काम आहे. घरात जमिनीवर कोण झोपते ते पाहा आणि त्यांच्यासाठी मच्छरदाणी बांधा.