दिवाणखान्यातील संगणक : रचना आणि उपयोग

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा कार्यक्रम कोणता व तो केव्हा, या दोन्ही गोष्टी केंद्रच ठरवीत असे. आज इंटरनेटमुळे वेळेचे बंधन सैल झाले आहे. परंतु प्रत्येक कुटुंबाचा स्वतःचाही एक संग्रह असतो आणि तो कोणत्याही वाहिनीवर मिळत नाही. लग्नसमारंभ, शाळेचे स्नेहसंमेलन, दिवंगत वडीलधाऱ्यांचा आवाज अशी ही चित्रमुद्रणे कपाटातील सीडी-डीव्हीडींत आणि जुन्या मोबाईलमध्ये विखुरलेली असतात. घरी मुद्रित केलेल्या सीडी-डीव्हीडींचा रंगद्रव्याचा थर उष्णता, प्रकाश व दमटपणा यांमुळे कालांतराने खराब होतो. हा ठेवा वेळीच एकत्र करून सर्वांना मोठ्या पडद्यावर दाखवणारे साधन म्हणजे दूरचित्रवाणी संचास कायम जोडलेला संगणक होय.

कल्पनेचा विकास

मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये या उपयोगासाठी विंडोजची ‘मीडिया सेंटर’ ही खास आवृत्ती काढली. २०१५ च्या विंडोज १० मध्ये मात्र ती सोय उरली नाही. दरम्यान स्वयंसेवी तंत्रज्ञांनी ‘एक्सबॉक्स’ या खेळयंत्रासाठी तयार केलेली प्रणाली पुढे सर्वसाधारण संगणकांवर चालू लागली. २०१४ पासून ती ‘कोडी’ या नावाने ओळखली जाते. ती विनामूल्य असून तिची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ संगणक विक्रीस आला आणि अशी जोडणी अल्प खर्चात शक्य झाली.

जुना संगणक उपयोगी पडेल काय?

विंडोज १० ची सर्वसाधारण तांत्रिक सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे अनेक संगणक एरवी सुस्थितीत आहेत. त्यांवर विनामूल्य लिनक्स प्रणाली बसवून कोडी चालविता येते. अनेक जुन्या संगणकांत डीव्हीडी वाचण्याची सोय असते, ही आणखी एक जमेची बाजू.

मात्र खरी कसोटी चित्र उलगडण्याची आहे. चित्रमुद्रण साठविताना ते आकुंचित केलेले असते आणि दाखविताना दर सेकंदाला उलगडावे लागते. २००३ ची ‘एच.२६४’ ही पद्धत बहुतेक संगणकांना पेलते. २०१३ च्या ‘एचईव्हीसी’ पद्धतीसाठी चित्रप्रक्रियेच्या भागातच तशी सोय असावी लागते. ती नसल्यास चित्र अडखळते. म्हणून खर्च करण्यापूर्वी मोबाईलवरील एखादे चित्रमुद्रण त्या संगणकावर लावून पाहावे.

जोडणी

एकाच एचडीएमआय तारेतून चित्र व ध्वनी दोन्ही संचाकडे जातात. चित्राच्या कडा कापल्या गेल्यास दोष संगणकाचा नसून संचातील चित्राकाराच्या निवडीचा असतो. तेथे मूळ आकार निवडावा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, तर आपल्याकडील दूरचित्रवाणीची जुनी मुद्रणे २५ चौकटींची असतात. पडदा ६० च्या गतीने चालत असल्यास हालचाल किंचित झटक्याने दिसते. पडद्याची गती चित्राशी जुळवून घेण्याची सोय कोडीमध्ये आहे. ती सुरू करावी. रास्पबेरी पाय संचाच्याच रिमोटने चालविता येतो. इतर संगणकांत ही सोय बहुधा नसल्याने छोटा बिनतारी कीबोर्ड घ्यावा.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ८ मेगाबिट या दर्जाचे एक तासाचे चित्रमुद्रण ३.६ गिगाबाइट जागा घेते. म्हणजे १ टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर सुमारे २७७ तासांचे मुद्रण मावते. विजेचे म्हणाल, तर ६० वॅट घेणारा संगणक रोज ५ तास चालल्यास महिन्याला ९ युनिट लागतात. १५ वॅटच्या छोट्या संगणकास सव्वादोन.

वापरातील दक्षता

संगणक बंद कपाटात ठेवू नये. हवा खेळती नसल्यास पंख्याचा आवाज वाढतो आणि यंत्र तापते. वीज अचानक गेल्यास साठवणूक बिघडू शकते, यास्तव जेथे वीज वारंवार जाते तेथे यूपीएस आवश्यक समजावा. चित्रमुद्रणांना प्रसंग व वर्ष यांची नावे द्यावीत आणि संपूर्ण संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी. एकच प्रत असणे म्हणजे संग्रह सुरक्षित असणे नव्हे.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. वर्गणीच्या अनेक चित्रपटसेवा लिनक्सवर पूर्ण सुस्पष्ट चित्र देत नाहीत. केवळ त्यांचाच उपयोग करणाऱ्या कुटुंबास संचाला लावण्याचे छोटे तयार उपकरण पुरेसे आहे. संगणक कोणत्याच उपयोगाचा न राहिल्यास तो भंगारात न देता ई-कचरा नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे पोहोचवावा.

शाळा आणि ग्रामपंचायती

हीच जोडणी वर्गात वा पंचायतीच्या सभागृहातही उपयुक्त ठरते. ‘दीक्षा’ मंचावरील उतरवून घेता येणारे पाठ आधीच साठविल्यास इंटरनेट नसतानाही तास अडत नाही. मात्र घरी पाहण्यासाठी घेतलेला चित्रपट गावासमोर दाखविताना स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ लागू होतो. जाहीर कार्यक्रमापूर्वी हक्कधारकाची परवानगी घ्यावी. गावातील जुन्या जाणत्यांची कथने, लोकगीते व उत्सव मात्र संबंधितांच्या संमतीने गावानेच मुद्रित करून जपता येतील. कपाटात पडून राहिलेल्या एखाद्या संगणकाचे याहून मोठे सार्थक ते कोणते?