आधी जिवाणू, मग मासे

नवी फिशटँक घरात आली की पहिल्या पंधरवड्यात एखाददुसरा मासा दगावतो आणि कुणीतरी म्हणतेच, ‘घरावरचे संकट माशाने अंगावर घेतले.’ वास्तूसाठी टाकी मांडणाऱ्या घरांत तर हे चटकन पटते. कुणाच्या श्रद्धेशी वाद घालायचा नाही. पण दोष संकटाकडे गेला की पाण्याची चौकशी कुणी करत नाही आणि त्याच पाण्यात दुसरी जोडी सोडली जाते. नव्या टाकीत मासे मरण्याचे नेहमीचे कारण साधे आहे. टाकी दिसायला तयार असते, पण तिच्यातला सर्वांत गरजेचा जीव अजून आलेला नसतो. तो जीव म्हणजे फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर आणि काचेवर चिकटून राहणारे जिवाणू. ते वसेपर्यंत मासा आणायचा नाही.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजून त्यात भर पडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत जेमतेम 55 लिटर पाणी मावते, त्यामुळे विष साचायला वेळ लागत नाही. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा घातक नसतो. 25 अंश सेल्सिअसला पाण्याचा पीएच 7 असेल तर त्यातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून एकाच मापाचा अमोनिया एका घरात मासे सोसतात आणि जास्त पीएचच्या बोअरच्या पाण्यात त्यानेच मरतात. जिवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो. तेही विषच: ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. ते बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून आटोक्यात ठेवता येते.

हे काम करणारे जिवाणू सर्गेई विनोग्रॅडस्की यांनी 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले. पुढे कितीतरी वर्षे दुसऱ्या टप्प्याचे श्रेय नायट्रोबॅक्टरला मिळत होते. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरा करतात, हे टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडले. 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकटीच पार पाडणारी नायट्रोस्पायरा सापडली. आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांचा संथपणा. आतड्यातले ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना कित्येक तास, कधी दिवसभरही लागतो. टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात ते यामुळे. शिवाय अमोनिया हेच त्यांचे अन्न. ‘दोन दिवस फिल्टर चालू ठेवा, मग मासे सोडा’ हा दुकानातला सल्ला इथेच फसतो: रिकाम्या टाकीत त्यांना खायलाच काही नसते.

तेव्हा हे अन्न आपण द्यायचे. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड; टाकीसाठी मात्र प्रयोगशाळेच्या दर्जाचे, शुद्ध घ्यावे. 55 लिटरला सुमारे 0.35 ग्रॅम टाकले की अमोनिया लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास येतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवलेले हवे, एअर पंप अखंड चालू हवा. मग टेस्ट किट. काचनळीत मोजून पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, हलवायचे आणि सांगितलेली मिनिटे थांबून रंग पट्टीशी जुळवायचा. अनेक किटांत अमोनिया असेल तर पिवळे पाणी हिरवे होते, नायट्राइट असेल तर निळे पाणी जांभळे. पहिले काही दिवस फक्त हिरवे दिसते. मग हिरवा उतरू लागतो आणि जांभळा चढतो. हा जांभळा चिवट असतो, बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. मधेच सगळे ठप्प झाले तर पीएच पाहावा. ही क्रिया पाण्यातला क्षार खाते, मृदू पाण्यात पीएच घसरतो आणि जिवाणू मंदावतात; चिमूटभर खायचा सोडा पुरतो. 2 मिलिग्रॅमचा नवा डोस दिल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार. मग साठलेले नायट्रेट उतरवायला बरेचसे पाणी बदलायचे.

यावर आक्षेप येतात, ते रास्तही आहेत. पहिला: झेब्रा डॅनिओसारखे काटक मासे सोडूनही टाकी तयार होतेच की. होते, पण काटक मासाही ते विष सोसतच असतो, आणि नवसागरावर जे काम होते त्यासाठी जिवंत प्राणी जाळण्याचे समर्थन होत नाही. मासे आधीच आणले असतील तर खाणे कमी करून, रोज मोजून, क्लोरीन घालवलेल्या पाण्याने बदल करत राहावे. दुसरा: जुन्या टाकीचे पाणी आणून ओतले तर? फारसा उपयोग नाही, कारण हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटतात. निरोगी जुन्या टाकीतला मळका स्पंज मात्र विरजणासारखा लागतो आणि आठवडे वाचवतो. बाटलीतले जिवाणू? काही खरेच चालतात, पण उन्हात तापलेल्या गोदामातून आलेल्या बाटलीत काय जिवंत उरले, ते लेबल सांगत नाही, टेस्ट किट सांगते. वनस्पती थेट अमोनिया शोषतात, दाट लावल्या तर मोठी मदत होते. तरी मोजणे सुटत नाही.

मासे आल्यावरही ही वसाहत जपावी लागते. या जिवाणूंना प्राणवायू लागतो, म्हणून लांबलेल्या भारनियमनात बॅटरीचा एअर पंप हवा. स्पंज क्लोरीनच्या नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा, आणि फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच.