कुलपाचा करारनामा

'सोलापूर' हा शब्द कागदावर चार अक्षरांचा. संगणकाच्या हिशेबात मात्र तो सात चिन्हांचा आहे : स, ओकार, ल, काना, प, दीर्घ ऊकार आणि र. यूटीएफ-8 या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, म्हणजे आमच्या गावाचे नाव 21 बाइटचे झाले. साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. फेब्रुवारी 2011 मध्ये 'डेबियन' या मुक्त संगणकप्रणालीची सहावी आवृत्ती आली. त्या सुमारास तिच्यातल्या एका साधनात एकापेक्षा जास्त बाइटची अक्षरे टंकताना घोटाळा होऊ लागला. हे साधन म्हणजे पोस्टग्रेस या माहितीसाठ्याशी ओळीओळीने बोलणारे 'पीएसक्यूएल'. इंग्रजी सुरळीत चाले. युरोपातली स्वरचिन्हे असलेली अक्षरे अडखळत, मग तीन बाइटच्या देवनागरीची काय कथा! प्रोग्रॅमरच्या हातून काही चुकले म्हणून हे झालेले नव्हते. दोन करारनाम्यांचे एकमेकांशी पटत नव्हते, आणि त्यांतला एक करारनामा कुलपाचा होता.

कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन, मजकूर कूटबद्ध करण्याची विद्या. मराठी वाचकाला ती अगदीच परकी नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या खटपटीने ते सर्वांसाठी खुले झाले. त्या लिप्यांत पद्धत हेच गुपित होते. पद्धत कळली की सगळे उघडे. आधुनिक विद्येचा पाया याच्या नेमका उलटा आहे. पद्धत चारचौघांत मांडावी, तज्ज्ञांना ती फोडून पाहू द्यावी, गुपित राहावी ती फक्त किल्ली. केर्कहॉफ्स या डच गृहस्थाने 1883 मध्येच हे सांगून ठेवले होते. म्हणून आज बँकेचा व्यवहार किंवा रेल्वेचे तिकीट ज्या कूटलेखनाने सुरक्षित राहते, त्याचा मोठा भाग उघड्यावर, मुक्त परवान्याखाली लिहिलेला असतो. जो तो आपापले कुलूप घडवत बसत नाही. एक चांगले तयार कुलूप हजारो प्रोग्रॅम वापरतात. अशा तयार संचाला 'लायब्ररी' म्हणतात. इथे पुस्तके नसतात, पण देवघेव असते, आणि देवघेवीचे नियमही असतात.

या कुलपांपैकी सर्वांत जास्त चालणारे ओपनएसएसएल. त्याचा पूर्वज एसएसएलईवाय ऑस्ट्रेलियात जन्मला, 1995 च्या सुमारास, एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या हातून. नावातली शेवटची अक्षरे यंग यांचीच आद्याक्षरे आहेत. ऑस्ट्रेलियाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. त्या काळी अमेरिकेत कडक कूटलेखन निर्यात करणे म्हणजे दारूगोळा निर्यात करण्यासारखे मानले जाई. पीजीपी हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या फिल झिमरमन यांच्यामागे यावरून जवळजवळ तीन वर्षे चौकशीचा ससेमिरा होता. ती जानेवारी 1996 मध्ये थांबली. दरम्यान त्या प्रोग्रॅमचा मजकूर चक्क छापील पुस्तक म्हणून निघाला होता, कारण पुस्तकाच्या निर्यातीला बंदी नव्हती. (छपाईच्या सामर्थ्यावर दिवाळी अंकात आणखी काय लिहावे!) डेबियननेही कूटलेखनाची पॅकेजे अमेरिकेबाहेरच्या वेगळ्या भांडारात ठेवली होती. अमेरिकेने 2000 मध्ये नियम सैल केले आणि 2002 च्या आवृत्तीपासून ही पॅकेजे मुख्य भांडारात आली.

1998 च्या डिसेंबरात यंग आणि हडसन नोकरीनिमित्त दुसरीकडे वळले, इतरांनी काम पुढे चालवले, नाव ओपनएसएसएल झाले. परवाना मात्र जुनाच राहिला आणि त्याला नवा जोडला गेला. दोन्ही परवाने उदार होते : वापरा, बदला, विका. फक्त एक अट होती. या लायब्ररीच्या गुणांचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत कर्त्यांचे ऋण ठरावीक शब्दांत मान्य करायचे. मागणी एकट्याने केली तर रास्त वाटते. पण कल्पना करा, आमच्याकडच्या चादरीच्या जाहिरातीत सूत देणारा, रंग देणारा, मागाचे सुटे भाग देणारा अशा प्रत्येकाचे वाक्य छापणे सक्तीचे झाले, तर चादरीला जागाच उरणार नाही. बर्कली विद्यापीठाच्या परवान्यातही असेच कलम होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1997 मधल्या नेटबीएसडी प्रणालीत अशी 75 वाक्ये मोजली होती. विद्यापीठाने 1999 मध्ये ते कलम काढून टाकले. ओपनएसएसएलमध्ये ते राहिले. शिवाय यंग यांच्या मूळ परवान्यात हा मजकूर दुसऱ्या परवान्याखाली, अगदी जीएनयूच्यासुद्धा, नेता येणार नाही असे स्पष्ट बजावलेले होते.

जीएनयूचा परवाना म्हणजे जीपीएल. दुसरी आवृत्ती 1991 ची, तिसरी 2007 ची. त्याचे म्हणणे असे : माझ्यापासून बनलेला संपूर्ण प्रोग्रॅम माझ्याच अटींवर वाटा आणि घेणाऱ्यावर जास्तीचे बंधन घालू नका. जाहिरातीची अट हे जास्तीचे बंधन. म्हणजे जीपीएलचा प्रोग्रॅम आणि ओपनएसएसएल एकत्र जोडून वाटले, की एकाची अट पाळताना दुसऱ्याची मोडते. दोघेही मुक्त, दोघेही सज्जन, पण एका पंगतीत बसत नाहीत.

यातून एक पळवाट जीपीएलमध्येच आहे आणि सारा वाद तिच्याभोवती फिरला. संगणकप्रणालीबरोबर येणारे भाग, दुसऱ्या आवृत्तीच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे, हिशेबातून वगळता येतात. कादंबरी वाचायला वाचकाच्या घरचा दिवा लागतो. त्या दिव्याच्या अटी कादंबरीच्या लेखकाला कोणी विचारत नाही. पण कलमाच्या शेवटी एक 'परंतु' आहे : तो भाग प्रोग्रॅमच्या सोबतच दिला जात असेल तर सवलत नाही. प्रकाशकाने कादंबरी आणि दिवा एकाच खोक्यात घालून विकले, तर दिव्याच्या अटी लागू. डेबियन हा नेमका असा प्रकाशक आहे. प्रणाली तीच देते आणि प्रोग्रॅमही तीच देते. रेड हॅटसारख्यांनी ओपनएसएसएल हा प्रणालीचाच भाग मानला आणि ते पुढे गेले. डेबियनच्या स्वयंसेवकांनी 'परंतु' अक्षरशः वाचला. त्यांना दुराग्रही म्हणणारे पुष्कळ होते. मला वाटते, ज्याच्याकडे वकिलांची फौज नाही त्याने करार अक्षरशः वाचणे हेच शहाणपण. शिवाय परवाना आपण पाळला नाही, तर दुसऱ्याने तो पाळावा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

मग पॅकेज बांधणाऱ्यांपुढे दोन मार्ग उरले. पहिला, मूळ लेखकाला पत्र लिहून 'ओपनएसएसएलशी जोडण्यास माझी हरकत नाही' असे एक जादा वाक्य परवान्यात घालून घेणे. अनेकांनी ते दिले. पण ज्या प्रोग्रॅमला पन्नास हात लागले आहेत, त्यात पन्नासांची संमती हवी. दुसरा मार्ग म्हणजे वेगळे कुलूप. ते होते जीएनयूटीएलएस, 2000 पासून चालत आलेले, जीएनयूच्या सौम्य परवान्याखालचे. डेबियनमध्ये संकेतस्थळांवरून मजकूर आणणारी लिबकर्ल ही लायब्ररी म्हणूनच वेगवेगळ्या कुलपांसह बांधली जाते : एक प्रत ओपनएसएसएलची, एक जीएनयूटीएलएसची.

यातही गंमत झाली. जीएनयूटीएलएसची तिसरी आवृत्ती (2011) नेटल नावाच्या लायब्ररीवर उभी राहिली, नेटल जीएमपी या मोठ्या आकड्यांच्या गणिती लायब्ररीवर, आणि जीएमपीचा परवाना 2007 मध्येच नव्या जीएनयू अटींवर गेला होता, ज्या जीपीएलच्या फक्त दुसऱ्या आवृत्तीला मानवत नाहीत. भांडण तिसऱ्या पिढीत उगवले. ज्यांनी ओपनएसएसएल टाळण्यासाठी जीएनयूटीएलएस धरले, तेच पुन्हा अडकले आणि काही पॅकेजे जुन्या जीएनयूटीएलएसला चिकटून राहिली. 2014 मध्ये जीएमपीने दुहेरी परवाना दिला, तेव्हा ही गाठ सुटली. पॅकेज बांधणाऱ्याचे खरे काम हेच : प्रोग्रॅम कोणावर टेकला आहे, तो कोणावर, आणि त्या प्रत्येकाच्या कागदात काय लिहिले आहे. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजसोबत 'कॉपीराइट' नावाची साधी मजकूर-फाईल येते. ती कोणी उघडत नाही. फावल्या वेळी उघडून पाहावी. जुन्या दस्तऐवजांच्या दप्तरात शिरल्यासारखे वाटते.

आता पीएसक्यूएलचे कोडे सुटेल. पोस्टग्रेसचा स्वतःचा परवाना अतिशय सैल, त्याचे कोणाशी भांडण नाही. पण पीएसक्यूएल कुलपासाठी ओपनएसएसएल वापरत होता आणि टंकलेल्या ओळी दुरुस्त करण्यासाठी रीडलाइन. रीडलाइन जाणीवपूर्वक जीपीएलखाली ठेवलेली. तिसऱ्याच्या घरात या दोघांची गाठ पडली. डेबियनने रीडलाइन काढून लिबएडिट बसवली. तिचा परवाना सोयीचा, पण बहुबाइट अक्षरांची समज कच्ची. त्यानंतर निघालेला तोडगा वकिली थाटाचा आहे. प्रोग्रॅम बांधायचा लिबएडिटशीच, पण वापरणाऱ्याच्या संगणकावर रीडलाइन असेल तर चालू होताना तिला आधी पुढे करायचे. जोडणी वाटणाऱ्याने केली नाही, वापरणाऱ्याच्या यंत्राने केली. आणि खासगी वापरावर जीपीएलचे बंधन नाही.

या काळात चर्चा सगळी कागदाची झाली, कुलपाच्या पोलादाची कमी. 3 मार्च 2014 ला जीएनयूटीएलएसमध्ये बनावट प्रमाणपत्र खरे मानले जाण्याची चूक जाहीर झाली. बरोबर पाच आठवड्यांनी, 7 एप्रिलला, ओपनएसएसएलमधले 'हार्टब्लीड' उघडकीस आले : दूरच्या कोणालाही सर्व्हरच्या स्मृतीतले तुकडे, प्रसंगी किल्लीसुद्धा, वाचता येत होते. परवाना पाहून निवडलेली दोन्ही कुलपे कच्ची निघाली. तेव्हा जगाला कळले की ओपनएसएसएलला वर्षाला सुमारे 2000 डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ काम करणारा जवळजवळ एकच माणूस होता. मग मोठ्या कंपन्यांनी पैसे जमवले, माणसे नेमली गेली आणि रेंगाळलेला परवान्याचा प्रश्नही हाती घेतला गेला.

मार्च 2017 मध्ये ओपनएसएसएलने आजवर हातभार लावलेल्या सुमारे 400 जणांना पत्रे पाठवली : अपाची परवाना स्वीकारायचा आहे, संमती कळवा. उत्तर आले नाही तर हरकत नाही असे समजू. 'मौनं संमतिलक्षणम्' आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यात चालते. मालकी हक्कात ते चालावे का, यावर ओपनबीएसडीच्या थिओ डी राट यांनी कडाडून टीका केली. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. जो माणूस हयात नाही किंवा पत्ता बदलून गेला आहे, त्याच्या गप्प राहण्याला संमती म्हणणे सोयीचे असेल, न्यायाचे नाही. प्रकल्पाने पुढे ज्यांनी स्पष्ट नकार दिला त्यांचा मजकूर काढून टाकण्याची वाटही ठेवली होती, हे खरे. 7 सप्टेंबर 2021 ला 3.0 आवृत्ती अपाची परवान्याखाली आली. जाहिरातीचे कलम गेले. डेबियननेही 2020 च्या सुमारास ओपनएसएसएलला प्रणालीचा भाग मानण्यास सुरुवात केली होती. म्हणजे तो 'परंतु' वीस वर्षांनी नव्याने वाचला गेला.

तरी हिशेब पुरता मिटलेला नाही. अपाची परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, फक्त दुसरी आवृत्ती मानणाऱ्यांशी जुळत नाही. अशांमध्ये 'गिट' आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिहिलेले, प्रोग्रॅमच्या मजकुराचा फेरफारांसह हिशेब ठेवणारे हे साधन. ओपनएसएसएलचा स्वतःचा मजकूर आज गिटमध्येच ठेवला जातो. आणि डेबियनवर गिट बसवले, की त्याच्यासोबत लिबकर्लची प्रत येते ती जीएनयूटीएलएसची.