ग्रामीण चिकित्सालयातील निनावी पुडी

नांदेड-लातूर भागातील खेड्यांत दवाखाना म्हणजे बहुधा एक खोली, एक बाकडे आणि भिंतीलगत डब्या-बरण्यांची मांडणी. येथेच रुग्ण तपासला जातो व येथेच औषधही बांधून दिले जाते. प्रकृती, वय व ऋतू पाहून मात्रा ठरविण्याची जी मुभा पुडीत आहे ती अन्यत्र नाही, हे आम्ही जाणतो. आमचा आक्षेप पुडीवर नसून तिच्या निनावीपणावर आहे.

त्रिभुवनकीर्ती रसाचेच उदाहरण घेऊ. ज्वरात तो सर्रास वापरला जातो. त्यातील हिंगूळ व वत्सनाभ ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट असल्याने, वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर इंग्रजी व हिंदीत छापणे निर्मात्यास बंधनकारक आहे. आपण बाटली उघडतो, गोळ्या खलात घोटतो, सितोपलादीत मिसळून पुड्या बांधतो. सूचना बाटलीवर राहते आणि बाटली आपल्या मांडणीवर. रुग्णाच्या हाती जातो तो कोरा कागद. उरलेल्या दोन पुड्या पुढे घरातील दुसऱ्या तापकऱ्यास, प्रसंगी लेकरासही दिल्या जातात.

शोधित वत्सनाभ योग्य मात्रेत उपकारक आहे, यात वाद नाही. मात्र शोधन अपुरे राहिल्यास वा मात्रा वाढल्यास ओठ-जिभेस मुंग्या येतात, ओकारी होते, रक्तदाब उतरतो, हृदयाची लय बिघडते. त्यावर खास उतारा नाही. वेळीच ओळखून लय सांभाळणे एवढेच हाती असते. किनवटहून शंभरावर किलोमीटर प्रवास करून नांदेडला पोहोचलेल्या अशा रुग्णाच्या नातेवाइकांना काय घेतले हे विचारल्यास उत्तर मिळते, ‘गावच्या डॉक्टरची पुडी.’ चरकाचार्यांनी अज्ञात औषधास विष, शस्त्र व अग्नीच्या पंक्तीत बसविले, ते वैद्यास उद्देशून. तेथील डॉक्टरांपुढे तर ते पूर्णतः अज्ञातच असते.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंचा पुड्यांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. औषधपुरवठा व मनुष्यबळ यांवर झालेली टीकाही अस्थानी नव्हती. परंतु दूरदूरचे रुग्ण अखेरच्या अवस्थेत येतात, असे रुग्णालयाकडून सांगितले गेले, त्यास केवळ बचाव म्हणून सोडून देणे आम्हांस पटत नाही. त्या गावांत पहिले दार बहुधा आपलेच असते. रुग्ण पुढे पाठविताना नाडी, रक्तदाब, दिलेली द्रव्ये, मात्रा व वेळ लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी. सलाईन वा इंजेक्शन दिले असल्यास तेही नमूद करावे. ते वगळण्याचा मोह होतो, हे आम्ही जाणून आहोत.

डब्यांविषयीही थोडे. नियमानुसार चूर्णास दोन वर्षांची मुदत मिळते; शार्ङ्गधराने दोन महिन्यांनंतर ते हीनवीर्य मानले आहे. मृगात उघडलेला डबा दिवाळीपर्यंत पुरविणाऱ्याने त्यातील गाठी तरी पाहाव्यात. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहिण्यास खर्च येत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंकडूनही आमची अपेक्षा आहे. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, म्हणून रसकल्प मागेल त्यास देण्याची सवय जडली आहे. ॲलोपॅथीच्या एच-१ औषधांची नोंदवही १ मार्च २०१४ पासून ठेवावी लागते व ती तीन वर्षे जपावी लागते. ज्या दुकानात ती आहे, तेथे ई-१ द्रव्ययुक्त कल्पांसाठी आणखी एक वही सहज मावेल. सांधेदुखीच्या चूर्णात स्टेरॉइड मिसळणाऱ्यांस निनावी पुडीचाच आडोसा मिळतो आणि संशय मात्र सर्वांवर येतो, हेही ध्यानी असावे.

छापील पाकिटे तालुक्याच्या कोणत्याही छापखान्यात होतात. त्यांवर कल्पाचे नाव, मात्रा, तारीख, रुग्णाचे नाव व वैद्याचा दूरध्वनी एवढे मराठीत असावे; देगलूर-बिलोलीकडे सीमेपलीकडील रुग्ण येत असल्याने तेथे तेलुगूतही.