सकाळी कंबर आखडते? एमआरआय नेमका काय सांगतो

पंचविशीतल्या मुलाची कंबर दुखू लागली की घरात आपण लगेच म्हणतो, वजन उचललं असेल. मग तेल-मालिश, पट्टा, आराम. पण काही दुखणी आरामाने वाढतात. उत्तररात्री दुखण्याने जाग येते, फजरला उठताना पाठ लाकडासारखी होते आणि अर्धा-एक तास चाललं-फिरलं की मोकळं वाटतं. असं ३ महिन्यांहून जास्त चाललं तर तो मणक्याचा दाहक संधिवात असू शकतो. ॲन्किलोजिंग स्पॉन्डिलायटिस हे त्याचंच एक रूप. बायकांनाही हा आजार होतो.

एक्स-रेमध्ये काहीच का दिसत नाही?

एक्स-रे हाडाचं झालेलं नुकसान दाखवतो आणि ते दिसायला अनेक वर्षं लागू शकतात. रक्तातले ईएसआर, सीआरपीही बऱ्याच रुग्णांत नॉर्मल येतात. एमआरआय मात्र हाडाच्या आतली सूज दाखवतो. त्यातल्या 'एसटीआयआर' प्रकारच्या चित्रांत सुजेचं पाणी पांढरं चमकतं. 'टी-१' चित्रांत जुन्या नुकसानीच्या खुणा दिसतात. थोडक्यात, आग आत्ता पेटलेली आहे की फक्त राख उरली आहे, हे कळतं. २००९ च्या आंतरराष्ट्रीय 'असास' निकषांतही या सुजेला स्थान मिळालं.

सूज मोजण्याच्या पद्धतीही आहेत. कॅनडातल्या 'स्पार्क' पद्धतीत माकडहाडाजवळच्या दोन्ही सॅक्रोइलिॲक सांध्यांना ० ते ७२ गुण देतात. औषधाने सूज उतरली का, हे संशोधनात त्यावरून तपासतात.

रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे

नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांत, खेळाडूंत, अगदी निरोगी माणसांतही थोडी सूज दिसू शकते. उलट, एमआरआय नॉर्मल असूनही आजार असू शकतो. म्हणून डॉक्टर त्रास, तपासणी, रक्त आणि एमआरआय सगळं एकत्र बघतात. दर काही महिन्यांनी एमआरआय करत बसायचीही गरज नसते.

आपण काय करायचं?

- संधिवाततज्ज्ञांना, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टना दाखवा. त्यांच्या सल्ल्याशिवाय एमआरआयवर पैसे घालवू नका.
- चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचा. नुसत्या 'लंबर स्पाइन'च्या एमआरआयमध्ये सॅक्रोइलिॲक सांधे नीट येत नाहीत. तिथे गादी सरकल्याचं निघतं आणि खरा आजार राहून जातो.
- या एमआरआयला साधारणपणे रंगाचं इंजेक्शन लागत नाही, आणि किरणोत्सर्गही नसतो. पण पेसमेकर किंवा शरीरात कुठलंही धातू असेल तर आधीच सांगा.
- जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा, तुलनेला लागतात.
- महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं सुचवली तर आधी टीबीची तपासणी झाली का, हे विचारा.
- डोळा लाल होऊन दुखला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

मणके एकदा जुळले की सुटत नाहीत. आग लवकर ओळखली तर औषध आणि रोजच्या व्यायामाने पाठ ताठ होण्यापासून बरीच वाचवता येते.