सिस्टरचा कोरडेपणा

‘कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना काही वाटतच नाही,’ ही नातेवाइकांची तक्रार सरकारी रुग्णालयात नेहमी कानावर येते. अनेकदा खरी गोष्ट नेमकी उलटी असते. वर्षानुवर्षे फार वाटून घेतल्यावर मन बोथट होते आणि तेच आपल्याला कोरडेपणा म्हणून दिसते.

अपघातातले जखमी, भाजलेली बाई, विष घेतलेला तरुण, बुडालेले मूल हे सारे एकाच पाळीत येऊ शकते. डॉक्टर तपासून पुढच्या रुग्णाकडे वळतात. रक्त पुसणे, मृतदेह गुंडाळणे आणि आईचा आक्रोश ऐकत शेजारी उभे राहणे सिस्टरच्या किंवा ब्रदरच्या वाट्याला येते. आघात दुसऱ्यावर होतो, पण त्याचा ओरखडा यांच्या मनावर उमटतो. याला ‘दुय्यम आघातजन्य ताण’ म्हणतात.

तो मोजण्यासाठी ब्रायन ब्राइड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १७ प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात लक्षणांचे तीन गट आहेत. पहिला, नको असताना आठवणी येणे : जेवताना तोच चेहरा डोळ्यांपुढे येतो. दुसरा, टाळाटाळ : ठरावीक खाटेकडे पाऊल वळत नाही, भावना गोठतात. तिसरा, सतत सावधपणा : झोप लागत नाही, चिडचिड होते, भांडे पडले तरी दचकायला होते. कामाच्या ओझ्याने येणारा थकवा हळूहळू साचतो. हा ताण एखाद्या घटनेनंतर अचानकही उफाळतो.

हा मनाचा दुबळेपणा नव्हे. कामाचा भाग म्हणून आघाताचे भीषण तपशील वारंवार सामोरे येणाऱ्यांनाही ‘पीटीएसडी’ होऊ शकतो, हे अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसंहितेने मान्य केले आहे.

मग उपाय काय? घटनेनंतर लगेच सर्वांना बसवून एकदाच बोलते केल्याने पीटीएसडी टळत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. योगाचे एखादे शिबिर घेऊनही भागत नाही. पुरेसे मनुष्यबळ, सलग रात्रपाळ्यांना आळा आणि मूल दगावल्यावर त्या सिस्टरला दहा मिनिटे मोकळीक, याची सोय ड्युटीचार्टमध्येच हवी. अमेरिकेतील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी रुग्णाच्या मृत्यूनंतर सर्वांनी क्षणभर शांत उभे राहण्याची प्रथा सुरू केली. तिला पैसा लागत नाही.

लक्षणे महिनाभर टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. समुपदेशनाने आणि उपचाराने फरक पडतो. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

घरच्यांनीही एवढे करावे : ड्युटीवरून आलेल्या सिस्टरला ‘आज काय झालं?’ असे खोदून विचारू नये. आधी चहा द्यावा. बोलावेसे वाटले, तर ती बोलेल. तेव्हा मात्र मध्येच न तोडता ऐकावे.